निर्व्यसनी माणसाचं ताट

चिचटोला, पो. लाखनी, ता. साकोली
१९ जानेवारी १९८६

भोजराज,

पत्राच्या सुरवातीले ‘इकडे सर्व खुशाल’ लिहावं लागते म्हणून श्यामराव मास्तर सांगत होते. मी म्हटलं, खुशाल असतं तर पत्र कायले लिहिलं असतं? तिसरीपर्यंत शिकली आहे मी, चुका काढत बसू नको.

तुझ्या भाऊजीच्या उजव्या बरगडीखाली दोन महिन्यांपासून जड जड वाटते. चार पावलं चालले की दम, जेवून उठले की झोप. लाखनीच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, मले बाजूले बोलावलं आणि विचारते, “बाई, रोज किती घेतात?” मी म्हटलं, “तीन वाट्या भात, वरून ताक.” तो म्हणते, “भात नाही, दारू.” भोजराज, त्याच्या टेबलावरची शिशी उचलून त्याच्याच डोक्यात घालावं असं झालं मले. दारूबंदी मंडळाचा अध्यक्ष बाहेर बाकड्यावर माळ ओढत बसला आहे आणि हा मले विचारते किती घेतात! बारा वर्षं झाली, मोहाच्या दारूचा वास आला तरी हे नाकाले उपरणं लावतात.

घेतात ते दुसरंच. आपल्याकडची रीत तू विसरला नसशील. लग्नात पिणारे मांडवामागं जातात आणि न पिणाऱ्याले यजमान हाताले धरून पहिल्या पंगतीत बसवते. “निर्व्यसनी माणसाचं ताट!” म्हणून कोणी ओरडते, की दुसऱ्याले चार लाडू तर याले आठ, वरून तुपाची धार. नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान. मंडळ काढल्यापासून हे सात गावचे निर्व्यसनी झाले. मागच्या उन्हाळ्यात एकतीस लग्नं. धोतराची गाठ पोटाखाली कुठं आहे, ते आता मलेच सांगावं लागते.

गोदावरीबाईचा नवरा असाच पोटात पाणी होऊन गेला. तो पीत होता, हे पीत नाहीत, पण पोटाले त्याचा हिशेब काय माहीत? तू मोठ्या दवाखान्यात आहेस. कागदाच्या खोलीत का असेना, डॉक्टरशी बोलणं होते तुझं. सोमवारच्या गाडीनं तुझ्या भाऊजीले पाठवून राहिली. मले माणूस जिता पाहिजे. बाकीचं मी पाहून घेईन.

धुरपता


(पोस्टकार्ड)
नागपूर, ११ फेब्रुवारी १९८६

सौ. धुरपताबाईस भोजराजचा नमस्कार.

भाऊजींच्या तपासणीचा निकाल हाती आला. बरगडीतून सुई घालून लिव्हरचा जो कण काढला होता, त्यात चरबी पुष्कळ निघाली. अशी लिव्हर सहसा वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या इसमांची असते, असे मोठे डॉक्टर म्हणाले. दुर्लक्ष केल्यास लिव्हर कडक होऊन पोटात पाणी साचू शकते. (जागा संपली. कृपया पत्त्याची बाजू पाहावी.)

(पत्त्याच्या बाजूला, बारीक अक्षरात)
भाऊजी पीत नाहीत हे मी डॉक्टरांना शपथेवर सांगितले. न पिणाऱ्यांनाही असे होते असे अलीकडे परदेशात सापडले आहे म्हणे. औषध मागाहून पाठवतो.


चिचटोला
२० फेब्रुवारी १९८६

भोजराज,

तुले आंतरदेशीय पत्र घ्यायले कोणी मना केलं होतं? आपल्या गावात कार्ड कोण वाचते हे तुले ठाऊक नाही काय? भय्याजी पोस्टमन सगळ्यायले कार्ड वाचून दाखवते. ज्याले वाचता येते त्यालेही दाखवते, सवयच आहे ती. चावडीपुढं पंधरा माणसं बसली होती. त्यानं खणखणीत वाचलं. “अशी लिव्हर सहसा वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या इसमांची असते.” आणि थांबला. मी मागून विचारलं, दुसरी बाजू काहून नाही वाचली? तर म्हणते, “वहिनी, पत्त्याची बाजू सरकारची असते. ती वाचायची मले परवानगी नाही.”

आता सांग, याले काय करू?

गोमाजीनं सगळ्यायसमोर विचारलं, “अध्यक्ष, कुठली लावता? आम्हालेही ठिकाण सांगा, इथं तर तुम्ही सगळ्या भट्ट्या फोडल्या.” हे उठले. घरी आले, भिंतीकडे तोंड करून झोपले. संध्याकाळी भजनाले गेले तर झांजवाला दोन हात सरकून बसला. मी ते कार्ड घेऊन घरोघर फिरली, मागची बाजू दाखवली. लोक म्हणतात, “हे तर तुझ्या भावानं लिहिलं, तो थोडीच खरं लिहिणार?” म्हणजे पुढची बाजू देवानं लिहिली आणि मागची भावानं!

इज्जत गेली ते मी पाहते. तू लिव्हरचं पाहा. औषध पाठव, बाटलीतलं पाठव. कागदात गुंडाळ, वरून कपड्यात शिव, आणि त्यावर ‘लिव्हर’ हा शब्द लिहिशील तर नागपूरले येऊन कान धरीन.

धुरपता


नागपूर
८ मार्च १९८६

सौ. बाईस नमस्कार.

कार्डाची चूक माझी. पंधरा पैशांच्या कार्डाची काटकसर नडली.

पार्सलात दोन वस्तू आहेत. पहिली, लिव्हरचे टॉनिक, दोन बाटल्या, जेवणाआधी दोन चमचे. हे मी आमच्या औषधाच्या दुकानदाराला विचारून माझ्या मताने घातले आहे. चवीला गोड आहे. दुसरी वस्तू महत्त्वाची. पिवळ्या, तेलकट दिसणाऱ्या कॅप्सूल. त्यात ई जीवनसत्त्व आहे. मोठ्या डॉक्टरांचा असा विचार आहे की, लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीला आतल्या आत एक प्रकारचा गंज चढतो, आणि तो गंज लिव्हरला खातो. हे जीवनसत्त्व गंज रोखत असावे. ‘असावे’ हा शब्द डॉक्टरांचा आहे. त्यांनी न पिणारे बारा रुग्ण निवडले आहेत आणि प्रत्येकाला सहा महिने या कॅप्सूल फुकट देऊन पाहणार आहेत. भाऊजींचे नाव मी खटपट करून त्या यादीत घातले. रोज सकाळी एक, न चुकता.

खाणे थोडे बेताचे असावे, असेही डॉक्टर ओघात म्हणाले.

तुझा, भोजराज


चिचटोला
२५ मे १९८६

भोजराज,

आधी टॉनिकचं सांगते. एक बाटली संपेपर्यंत यायची भूक अशी वाढली की तीन वाट्या भाताच्या पाच झाल्या. सकाळी दहालेच स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी मास्तरकडून बाटलीवरचं इंग्रजी वाचून घेतलं. ‘भूक वाढवते, वजन वाढवते’ असं त्यावरच छापलं आहे! ज्याचं पोट उतरवायचं त्याले वजन वाढवायचं औषध पाठवलंस. दुसरी बाटली शेजारच्या सुशीलाबाईच्या सुनेले दिली, ती काडी झाली होती. तिले गुण आला.

पिवळ्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी मी हातावर ठेवते, हे पाण्याचा गडवा घेऊन गोठ्याकडे जातात, तिकडंच तोंड धुतात, तिकडंच घेतात. एक दिवस चुकली नाही. पण लिव्हरले गंज चढते हे तुझ्या डॉक्टरचं मले पटलं. नांगराचा फाळ वापरात असला की चकचकीत राहते, पडून राहिला की गंजते. मग त्याले तेल पाजण्यापेक्षा धानाच्या बांधीत घाला ना! पण मी तिसरी शिकलेली, मले कोण विचारते.

लग्नाचे दिवस संपत आले. या साली यायले किती पत्रिका आल्या सांगू? चार. आणि त्या चारही ठिकाणी निर्व्यसनी माणसाचं ताट दुसऱ्यालेच. साकोलीच्या लग्नात यजमानानं तर यायले हळूच मांडवामागं नेलं, म्हणे, “लाजू नका, तिकडं सोय आहे.” हे जेवलेच नाहीत, उपाशी परत आले.

परतीले एसटीत चढले तर बाबुलाल कंडक्टर म्हणते, “हळू चढा अध्यक्ष, तोल सांभाळा.” अख्खी गाडी हसली. त्या दिवसापासून एसटीचं नाव नाही. जिथं जायचं तिथं पायी. चावडीवर बसवत नाही म्हणून दिवसभर बांधीत. मजुराच्या हातातलं फावडं घेऊन स्वतः मातीचे धुरे घालून राहिले. मंडळाच्या सभेले आजही गावोगाव जातात, लोकायले समजवायले की मी पीत नाही. ऐकायले दोन माणसं येतात, त्यातला एक पिऊन असते. पूर्वी सभा झाली की चिवडा, जिलेबी. आता कोणी पाणी विचारत नाही.

पोट थोडं उतरल्यासारखं वाटते. की मलेच तसं वाटून राहिलं, माहीत नाही. मनानं मात्र पार खचले.

धुरपता


नागपूर
१७ ऑक्टोबर १९८६

सौ. बाईस अत्यंत आनंदाने नमस्कार.

भाऊजी परवा तपासणीला आले आणि मी त्यांना ओळखलेच नाही! वजन अठ्ठ्याऐंशीवरून एकाहत्तर. रक्ताचे आकडे जवळजवळ निरोगी माणसासारखे. पोटाचा फोटो दाखवणारे नवे यंत्र आमच्याकडे आले आहे, त्यावर लिव्हर पाहून मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. बारा रुग्णांपैकी बाकीच्या अकरांत म्हणण्यासारखा फरक नाही. इतवारीतील एक किराणा दुकानदार तर कॅप्सूल घेऊन वर चार किलो वाढला. पण डॉक्टर म्हणाले, “एकाला जरी इतका गुण आला, तरी औषधात दम आहे.” पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या मोठ्या सभेत ते हा निबंध वाचणार आहेत आणि त्यात भाऊजींवर स्वतंत्र परिच्छेद आहे.

याहून मोठी गोष्ट. भाऊजी डॉक्टरांच्या पाया पडून म्हणाले, “मला औषध नको, कागद द्या. हा माणूस दारू पीत नाही असा कागद.” डॉक्टरांनी लेटरहेडवर दाखला देण्याचे कबूल केले आहे. त्यांची सही झाली की पाठवतो.

या यादीत भाऊजींचे नाव घातल्याबद्दल डॉक्टरसाहेबांनी माझी पाठ थोपटली.

तुझा, भोजराज


चिचटोला
९ नोव्हेंबर १९८६

भोजराज,

तुझ्या डॉक्टरले म्हणा, सभा थांबव.

आपली भुरी म्हैस तीन वर्षं फळत नव्हती. साकोलीचा गुरांचा डॉक्टर दोनदा येऊन हात हलवत गेला. परवा तो सहज आला, तपासलं, म्हणते तीन महिन्यांची गाभण आहे. “काय चारता?” म्हणून विचारते. मी म्हटलं, “जे आजपर्यंत चारलं तेच, तणस आणि ढेप.” त्याच्यापुढं बोलली, पण डोक्यात किडा शिरला. सकाळी गोठ्याच्या कुडामागं जाऊन उभी राहिली. हे आले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. ढेपेचा गोळा केला, त्यात पिवळी गोळी दाबली, भुरीच्या तोंडात दिली, आणि तिच्या कपाळावरून हात फिरवून म्हणतात, “घे माय.”

मी बाहेर आली. “हे काय?”

“काही नाही.”

“किती दिवसांपासून?”

“मार्चपासून.”

भोजराज, सगळ्याच! एकही यायच्या पोटात गेली नाही. मी म्हटलं, “काहून? माझ्या भावानं पाठवलेलं विष होतं काय?” तर म्हणतात, “श्यामराव मास्तर म्हणाले, या गोळीचं वरचं कव्हर जनावराच्या हाडाचं असते. माझ्या गळ्यात माळ आहे.”

“मग मले सांगायचं!”

“तू बोंबलली असतीस. आणि फेकणार कशी? भोजराजनं जीव लावून पाठवल्या. म्हैस घरचीच आहे.”

म्हणजे हाड माणसाले चालत नाही, म्हशीले चालते.

तर डॉक्टरले सांग, गोळ्या भुरीनं खाल्ल्या. तिची लिव्हर तपासायची असन तर घेऊन ये म्हणा यंत्र. यायचं पोट उतरलं ते लाडू बंद झाले म्हणून, आणि एसटी सोडली म्हणून. भय्याजीनं अर्धं कार्ड वाचलं त्याचा गुण आहे तो. लोकायनं बदनामी केली नसती तर या उन्हाळ्यात चाळीस लग्नं झाली असती.

धुरपता


नागपूर
२८ नोव्हेंबर १९८६

सौ. बाईस नमस्कार.

तुमचे पत्र वाचून दोन दिवस जेवण गेले नाही. सभा झाली. निबंध वाचला गेला. टाळ्याही झाल्या. आता म्हशीचे नाव मी कोणत्या तोंडाने काढू? आपण गप्प बसलो तर कोणाचे काय बिघडते?

आणि एक गोष्ट आज लिहितो, कारण फार दिवस मनात आहे. सुईचा निकाल आला त्याच दिवशी मोठे डॉक्टर मला म्हणाले होते, “याला अजून खात्रीचे औषध नाही. तुझ्या भाऊजींना सांग, पंधरा किलो वजन कमी करा, गोड बंद करा, रोज पाच-सहा मैल चाला. कॅप्सूल हा माझा प्रयोग आहे, उपचार नव्हे.” मी ते तुम्हाला लिहिले नाही. मला वाटले, बाटलीशिवाय नुसता उपदेश पाठवला तर तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी नागपूरला बोलावले होते काय? म्हणून टॉनिक घातले आणि उपदेश ‘ओघात’ घातला.

दाखला तयार आहे. तुमच्या शेजारच्या पुष्पाबाई इकडे लेकीकडे आल्या होत्या, त्यांच्या हाती बंद पाकिटात देत आहे. पोस्टावर आता माझाही विश्वास नाही. त्यात दोन वाक्ये आहेत. पहिले: ‘सदर इसम दारू पीत नाही व त्याचा आजार दारूमुळे नव्हता.’ दुसरे: ‘ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलने तो पूर्ण बरा झाला.’ चावडीवर वाचून घ्या. भाऊजींची मान पुन्हा वर होऊ द्या.

तुझा, भोजराज


चिचटोला
१४ जानेवारी १९८७

भोजराज,

पाकीट मिळालं, दीड महिना झाला. उत्तर द्यायले उशीर झाला कारण मले ठरवायचं होतं.

पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं. दुसऱ्याचं मी निपटलं. डॉक्टरले कार्ड टाकलं. उघडं कार्ड, मुद्दाम. ‘तुमच्या गोळ्या आमच्या म्हशीनं खाल्ल्या, ती गाभण आहे, माझा नवरा चालून बरा झाला, त्याले टाळ्यांतून काढा.’ तू सांगणार नव्हतास, मग मी सांगितलं. उद्या बाराच्या जागी हजार माणसं त्या गोळ्यायच्या भरवशावर लाडू खातील, ते पाप माझ्या म्हशीवर कायले? आठ दिवसांत त्यायचं उत्तर आलं. दोनच ओळी. लिहितात, ‘बाई, नाव काढले. उरलेल्या अकरांना मी आता चालायला लावले आहे.’ माणूस चांगला आहे. तुले बोलला असेल तर सहन कर. इकडं भय्याजीनं माझंही कार्ड वाटेत वाचलंच. आता गावात म्हणतात, अध्यक्षाच्या घरची म्हैसही घेते.

राहिलं पहिलं वाक्य. पुष्पाबाईनं पाकीट दिलं तेव्हा हे बांधीत होते. मी म्हटलं, संध्याकाळी आले की हातावर ठेवते. तेवढ्यात गोमाजी येऊन बसला. त्याच्या पोरीचं लग्न माघात आहे. हे आल्यावर म्हणते, “अध्यक्ष, दाखला येणार आहे म्हणे. ज्या दिवशी येईल त्या दिवशी चावडीवर सगळ्यायसमोर तुमची माफी मागतो. आणि माझ्या घरच्या लग्नात पहिलं ताट तुमचं. सोळा लाडू! वर्षभराची कसर सातही गावं भरून काढतील, पाहाच तुम्ही.” यायच्या डोळ्यात पाणी आलं. तोंडातही आलं असन, मी ओळखते.

पाकीट तेव्हा माझ्या पदराखाली होतं. तिथंच राहिलं. आता पेटीत आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत.

तुले वाटेल, काय दगडाची बाई आहे. दगडाची नाही. संध्याकाळी यायचा चेहरा पाहिला की हात पेटीकडे जाते. तीन वेळा तर कुलूप काढलं. पण गोदावरीबाईच्या नवऱ्याची मान शेवटपर्यंत वर होती. सगळे त्याले पाटील म्हणत, खांद्यावरून नेतानाही म्हणत होते. मले बदनाम नवरा चालते. तो रोज संध्याकाळी घरी येते.

आणि ऐक. यायचा भय्याजीवर विश्वास नाही, अर्धंच वाचते म्हणून. म्हणून रोज सकाळी स्वतः लाखनीच्या पोस्टात जातात, दाखला आला काय ते पाहायले. तीन मैल जाणं, तीन मैल येणं. खिडकीवरचा बाबू म्हणते, “आज नाही.” हे परत येतात. घाम पुसतात, एक वाटी भात खातात, बांधीत जातात. काल विचारत होते, “धुरपता, भोजराज विसरला तर नसन?” मी म्हटलं, “मोठ्या डॉक्टरची सही आहे, वेळ लागते.” म्हणाले, “हो, तेही खरं.”

तू इकडे आलास तर तोंड सांभाळ. विचारलं तर सही बाकी आहे म्हणायचं.

हे पत्र पुष्पाबाईच्या हाती देऊन राहिली, ती पुन्हा लेकीकडे निघाली. पोस्टात टाकता येत नाही, हे तिथंच उभे असतात. आताच गेले, नव्या चपला घालून. जुन्या झिजल्या.

धुरपता